मागचं चाक

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघं मित्र बाइक बघायला शोरूमला गेलो होतो. बाइक एकाचीच घ्यायची होती, मतं मात्र चौघांची. सेल्समनने विचारलं, "सिंगल डिस्क दाखवू की डबल डिस्क?" फरक काही हजारांचा होता. मित्राने वडिलांकडे पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, "मागे डिस्क कशाला? पुढे आहे ना." आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि मागच्या पिढीला सेफ्टीचं काही पडलेलं नसतं, हा निष्कर्ष काढून मोकळे झालो.

सात-आठ वर्षांनी तोच प्रश्न मी पुन्हा ऐकला. या वेळी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात, एका थंडगार गॅरेजमध्ये उभं राहून.

मी गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे गाडीच्या स्क्रीनवर जे दिवे लागतात, आकडे फिरतात, ते नीट लागावेत आणि फिरावेत एवढंच माझं काम. पाना हातात धरायची वेळ सहसा येत नाही. कंपनीने सहा महिन्यांसाठी तिकडे पाठवलं, तेव्हा टीममधल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याशी मैत्री झाली. त्याच्याकडे 1970 च्या दशकातली ट्रायम्फ टीआर सिक्स होती. दोन सीटची, उघड्या छपराची, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. ट्रायम्फच्या या गाड्या जिथे बनायच्या तो कॅनली भाग याच शहरातला. गाडी जिथे जन्मली त्या गावातच म्हातारी झाली होती.

तिला मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे, असं त्याने ठरवलं होतं. मूळ गाडीत पुढे डिस्क आणि मागे ड्रम. डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट, होजपाइप असं सगळं असलेला किट त्याने मागवला होता आणि खोका गॅरेजच्या फळीवर ठेवला होता. मी मदतनीस, म्हणजे टॉर्च धरणारा. त्याचे वडील एका कारखान्याच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेले. मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणायचो. ते चहाचा मग घेऊन आले, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मागे डिस्क कशाला?" मग थोडं थांबून दुसरा प्रश्न विचारला, "आणि हब शेवटचे कधी बदललेत?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. दुसऱ्याचं नव्हतं. या दोन प्रश्नांच्या मागे लागून मी पुढचे काही आठवडे जे वाचलं, मोजलं आणि पाहिलं, त्याची ही गोष्ट.

आधी मागे, मग पुढे

आज आपल्याला वाटतं की पुढचा ब्रेक मुख्य आणि मागचा दुय्यम. पण मोटारींच्या सुरुवातीच्या काळात पुढच्या चाकांना बहुधा ब्रेकच नसायचे. जे काही असेल ते मागे.

याला कारण होतं. पुढची चाकं वळतात. त्या काळात ब्रेक ओढले जायचे ते लोखंडी सळ्यांनी किंवा तारांनी. वळणाऱ्या चाकापर्यंत सळी पोचवायची आणि डाव्या-उजव्या दोन्ही चाकांवर ताण सारखा ठेवायचा, हे फार कठीण काम. एक बाजू जास्त ओढली गेली की गाडी त्या बाजूला खेचली जायची. शिवाय पुढे ब्रेक लावला तर गाडी कोलांटी मारेल, अशीही भीती होती. सायकलवरून पुढचा ब्रेक दाबून तोंडावर आपटलेल्या माणसाला ही भीती समजेल.

ब्रेकचे दोन्ही घराणे मात्र तेव्हाच जन्मले होते, आणि योगायोगाने एकाच वर्षी. 1902 मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेकला त्याचं ओळखीचं रूप दिलं: चाकाबरोबर फिरणारा एक डबा आणि त्याच्या आतून बाहेर दाबले जाणारे दोन शू. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं: फिरणारी एक चकती आणि तिला चिमटीत पकडणारे दोन पॅड. लँचेस्टरचे पॅड तांब्याचे होते. ते कर्कश किंचाळायचे आणि धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजायचे. रेनोचा ड्रम बंद असल्यामुळे चिखल-पाण्यापासून बराचसा सुरक्षित होता. ड्रम जिंकला आणि पुढची पन्नास वर्षं राज्य करत राहिला.

चारही चाकांना ब्रेक सर्रास आले ते 1920 च्या दशकात. 1921 मध्ये अमेरिकेच्या ड्यूझनबर्गने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार आणली. सळीऐवजी पाइपातून द्रव दाब पोचवू लागला, त्यामुळे डाव्या-उजव्याचं भांडण बरंचसं मिटलं. इंग्लंडमध्ये तर अशा गाड्यांच्या मागे लाल त्रिकोण लावलेला असायचा. अर्थ असा की बाबा रे, ही गाडी चारही चाकांनी थांबते, तुझी दोन चाकांनी थांबणार, अंतर ठेवून चालव.

चारही चाकांना ब्रेक आल्यावर एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. खरं काम पुढचेच ब्रेक करतात.

कागद-पेन्सिलीचा हिशोब

बसचा ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो तेव्हा उभे असलेले सगळे पुढे झुकतात. गाडीचं वजनही तसंच झुकतं. ते किती झुकतं हे बारावीच्या फिजिक्समध्ये बसतं, म्हणून आम्ही गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून काढलं.

टीआर सिक्सचं वजन साधारण 1100 किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 88 इंच, म्हणजे सुमारे 2.24 मीटर. उभ्या गाडीत वजन पुढे-मागे निम्मं निम्मं धरू आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर मानू. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट मंदन मिळालं, तर मागून पुढे सरकणारा भार असा निघतो: 1100 गुणिले 0.8 गुणिले 0.5 भागिले 2.24. उत्तर जवळपास 200 किलो. म्हणजे पुढच्या चाकांवर 750 आणि मागच्यांवर 350.

टायरची पकड त्याच्यावर दाबणाऱ्या वजनावर अवलंबून असते. त्यामुळे अशा ब्रेकमध्ये मागच्या चाकांनी एकूण कामाचा तिसरा हिस्सादेखील उचलायचा नसतो. जास्त उचलला तर मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होतात. लॉक झालेलं चाक घसरतं आणि घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड उरत नाही. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. मागची आधी लॉक झाली तर गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. पहिल्या प्रसंगात ब्रेक सैल करून सावरता येतं. दुसऱ्यात सावरायला वेळच मिळत नाही.

पावसात हिशोब बदलतो. निसरड्या रस्त्यावर 0.3 पटच मंदन मिळालं, तर पुढे सरकणारा भार जेमतेम 75 किलो. मग मागची चाकं जवळजवळ 43 टक्के काम करू शकतात. म्हणजे पुढे-मागे कामाची योग्य वाटणी ही एक ठरावीक संख्या नाही, ती दर ब्रेकला बदलते. आजच्या गाड्यांत ही वाटणी सॉफ्टवेअर सेकंदाला कित्येक वेळा करतं. 1970 च्या गाडीत ती डिझायनरने एकदाच ठरवलेली असायची: पिस्टनचा व्यास, ड्रमची रुंदी, शूची जागा यांतून. कोड नव्हता. लोखंडातच लिहून ठेवलेला निर्णय होता.

आणि आम्ही तोच बदलायला निघालो होतो.

ल माँ

मग मागे डिस्क हवी, ही ओढ आली कुठून? बरीचशी शर्यतींतून.

ड्रमचा एक दोष आहे. तो तापला की फुगतो आणि फुगला की शूपासून दूर जातो. डोंगरउतारावर पाय दाबत राहिलं तर पेडल खाली खाली जात राहतं. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेनेच जाड होते, शिवाय उघडी असल्यामुळे वाऱ्याने लवकर थंड होते. विमानांच्या चाकांसाठी डिस्कवर काम झालं होतंच. डनलॉप आणि जग्वार यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ती शर्यतीच्या गाडीत आणली. 1953 मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत चारही चाकांना डिस्क असलेली जग्वार सी टाइप जिंकली. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन चालवत होते. सरासरी वेग ताशी 100 मैलांच्या वर गेला. त्या शर्यतीत असं पहिल्यांदाच घडलं. इतर गाड्या वळणाआधी जिथे ब्रेक मारायच्या, तिथून कितीतरी पुढे जाऊन जग्वार ब्रेक मारत होती.

दोन वर्षांनी, 11 जून 1955 रोजी, त्याच ल माँमध्ये मोटार शर्यतींच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात झाला. जग्वार पिटमध्ये वळण्यासाठी मंदावली. तिला टाळताना मागची ऑस्टिन-हीली बाजूला सरकली आणि मागून येणारी मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसं मेली. जग्वारला डिस्क होत्या. मर्सिडीजला ड्रम होते आणि त्यांच्या जोडीला पाठीमागे उघडणारी हवेची फळी. अपघाताच्या कारणांवर आजही वाद आहेत आणि एकट्या ब्रेकवर ठपका ठेवता येत नाही. तरी एकाच अरुंद रस्त्यावर, एकाच वेगात, वेगवेगळ्या ताकदीने थांबणाऱ्या गाड्या धावत होत्या हे खरं. तो लाल त्रिकोण कुणाच्याच पाठीवर नव्हता.

याच शर्यतीत ट्रायम्फच्या तीन टीआर टू धावत होत्या. एकीला चारही चाकांना डनलॉपच्या डिस्क होत्या. दुसऱ्या दोघींना पुढे गर्लिंगच्या डिस्क आणि मागे ड्रम. तिन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. पुढच्या वर्षी, 1956 च्या शरद ऋतूत, ट्रायम्फने टीआर थ्रीला डिस्क दिली, तेव्हा दुसरा पर्याय निवडला: पुढे डिस्क, मागे ड्रम. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत डिस्क देणाऱ्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी ती एक. टीआर सिक्सपर्यंत हीच वाटणी टिकली.

हे वाचल्यावर मी थोडा वरमलो. आमच्या फळीवरच्या खोक्यातला प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी चोवीस तास पळवून तपासला गेला होता.

पैसे वाचले हे तर झालंच. पण ड्रमच्या बाजूने आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे कमी दाबात जास्त पकड मिळते. डिस्कला ही फुकटची मदत नाही. दुसरी गोष्ट हॅन्डब्रेक. ड्रममध्ये एक तार ओढली की काम झालं. डिस्कमध्ये हॅन्डब्रेक बसवणं ही डोकेदुखी. 1961 च्या जग्वार ई टाइपला मागेही डिस्क होत्या, तर हॅन्डब्रेकसाठी वेगळे छोटे पॅड द्यावे लागले आणि ते कमकुवत म्हणूनच प्रसिद्ध झाले. शिवाय चढावर गाडी लावली की तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड सैल पडू शकते. गाडी आपली आपण निघाली तर ती किती सुंदर डिस्कवर उभी होती, याला काही अर्थ उरत नाही.

हब

आता काकांचा दुसरा प्रश्न.

सायकलचं चाक ज्या मधल्या भागावर फिरतं तो हब. मोटारीतही तेच. चाक हबला नटांनी आवळलेलं असतं. ब्रेकचा ड्रम असो वा डिस्क, तोही त्याच हबवर बसतो. गाडीचं वजन, वळणावरचा ताण, इंजिनची ताकद, सगळं तिथून जातं.

1965 मध्ये आलेल्या टीआर फोर एपासून ट्रायम्फने मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. आधी दोन्ही मागची चाकं एकाच ताठ ॲक्सलवर होती. एका चाकाखाली दगड आला की दुसरंही तिरकं व्हायचं. आता प्रत्येक चाक ॲल्युमिनियमच्या वेगळ्या आर्मवर, आपापलं वर-खाली होणारं. त्यावर आलेली टीआर सिक्स 1968 पासून 1976 पर्यंत बनली, नव्वद हजारांहून जास्त, आणि त्यातल्या बहुसंख्य परदेशी गेल्या. अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ब्रिटनमधल्या गाड्यांना पेट्रोल इंजेक्शन.

ट्रायम्फच्या मागच्या चाकांचा हा शोध आपल्याकडेही येऊन गेला आहे. मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेरल्डला मागे ट्रायम्फचंच वेगळ्या पद्धतीचं स्वतंत्र सस्पेन्शन होतं. 1972 मध्ये तिची पुढची आवृत्ती गॅझेल आली, तेव्हा भारतीय कंपनीने ते काढून साधा ताठ ॲक्सल टाकला. आपले रस्ते बघता त्यात काही नवल वाटत नाही.

टीआरच्या मागच्या हबमध्ये एक आखूड, जाडजूड दांडा असतो, स्टब ॲक्सल. त्याचं बाहेरचं टोक शंकूसारखं निमुळतं. त्यावर हबची चकती घट्ट ठोकून बसवलेली, मध्ये एक छोटी चावी, वर मोठा नट. चाक फिरतं तसा दांडा फिरतो आणि गाडीचं वजन त्याला सतत वाकवत असतं. वाकणं डोळ्यांना दिसत नाही इतकं सूक्ष्म. पण दांडा फिरत असल्यामुळे जी बाजू आत्ता ताणली गेली ती अर्ध्या फेरीनंतर दाबली जाते, पुन्हा ताणली जाते, पुन्हा दाबली जाते. पत्र्याची पट्टी मागे-पुढे वाकवून तोडतो ना, तेच, फक्त फार हळू.

ही समस्या मोटारींहून जुनी आहे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतरच्या दशकांत प्रशियाच्या रेल्वेतले इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी फिरते दांडे वाकवून लाखो फेऱ्यांपर्यंत तपासण्या केल्या. त्यांना आढळलं ते आज प्रत्येक मेकॅनिकलच्या पुस्तकात असतं: एका फटक्यात जो भार धातू सहज पेलतो, त्याहून कितीतरी कमी भार पुन्हा पुन्हा दिला तर तो तुटतो. याला धातूचा थकवा म्हणतात. भेग सुरू होते ती बहुधा जिथे आकार अचानक बदलतो तिथे: खाचेत, कोपऱ्यात, किंवा घट्ट बसवलेल्या भागाच्या कडेशी, जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घासत राहतात.

टीआरच्या स्टब ॲक्सलमध्ये हे सगळं एकाच जागी आहे. निमुळता भाग, चावीची खाच, घट्ट बसवलेल्या चकतीची कड. टीआर सिक्सचं चाक साधारण दोन मीटरला एक फेरी घेतं, म्हणजे किलोमीटरला 500. एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा दांडा पाच कोटी वेळा वाकून सरळ झालेला असतो. जुन्या टीआर गाड्यांमध्ये मागचा स्टब ॲक्सल तुटणं हा मालकांच्या माहितीतला, नावाजलेला धोका आहे. तुटला की चाक ड्रमसकट निघून जातं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. ड्रमसकट. तिथे डिस्क असती तर डिस्कसकट. ब्रेक चाकाला थांबवतो. चाक गाडीला धरून असेल तरच गाडी थांबते.

बाहेर काढलेला हब

काकांनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांना हेही माहीत होतं की तो टाळता येणार नाही. टीआरमध्ये मागचा ड्रम दोन स्क्रू काढले की निघतो. पण डिस्कचं ब्रॅकेट लावायचं तर ड्रमच्या मागचा पत्रा काढावा लागतो आणि तो हबच्या मागे दाबून धरलेला असतो. म्हणजे ब्रेक बदलायला हब बाहेर काढणं आलंच.

ड्रम काढल्यावर काकांनी आधी आम्हा दोघांना मास्क दिले. आत काळी भुकटी साचली होती. "फुंकर मारायची नाही. हवा तर अजिबातच मारायची नाही." जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने सगळं पुसून फडकं पिशवीत बांधलं.

हब आर्मला सहा नटांनी धरलेला होता. नट जे बोल्ट धरतात ते ॲल्युमिनियममध्ये घुसवलेले. पन्नास वर्षांनी लोखंड आणि ॲल्युमिनियमची गट्टी जमलेली असते. जास्त जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. एक संध्याकाळ नुसती तेल सोडून वाट बघण्यात गेली. सहापैकी एकाचे आटे गेलेच, तिथे नंतर नवे बसवावे लागले.

हब हातात आला तेव्हा तो अगदी निरोगी दिसत होता. बेअरिंग जरा खरखरीत, बाकी काही नाही. मी म्हटलं, "भेग दिसत नाहीये." काका हसले. भेग असलीच तर ती चकतीच्या आत, निमुळत्या सांध्यात असणार. बघायची तर चकती दांड्यावरून सोडवायला हवी. ती इतकी घट्ट असते की त्यासाठी खास दणकट प्रेस लागतो. त्याऐवजी लोकांनी वर्षानुवर्षं हातोडे मारले, गॅसने तापवलं, आणि त्यातही बरेच हब बिघडवले. म्हणजे तपासण्यासाठी जे करायचं त्यानेच तो खराब होऊ शकतो. आमच्या धंद्यात अशा बगला नाव आहे: शोधायला गेलं की वागणूक बदलणारा.

त्यांनी तो ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन व्यवस्थित प्रेसवर सोडवून आणला. दांडा धुतला, लाल रंग फवारला, पुसला, वरून पांढरी पावडर. भेग असती तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघेसारखा उमटला असता. आम्ही तिघं टॉर्च घेऊन वाकलो.

रेघ उमटली नाही.

मला वाटलं, चला, सुटलो, हाच परत लावू. काका म्हणाले, "आज नाहीये. हा किती चाललाय, कुणी आधी काढला होता, कसा काढला होता, हे आपल्याला ठाऊक नाही." मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने डिस्कच्या किटचा खोका फळीवरून काढला, पुन्हा टेप लावली आणि परत पाठवायचा फॉर्म भरला. आलेल्या पैशांत आणखी भर घालून नवे हब मागवले: आजच्या पोलादाचे, कड गोलसर ठेवलेले, सीलबंद बेअरिंगचे. सोबत जुन्या सरकत्या शाफ्टऐवजी सीव्ही जॉइंटचे शाफ्ट. जुन्या शाफ्टचे दाते इंजिनचा जोर आला की एकमेकांत अडकायचे आणि वळणावर पाय उचलला की एकदम सुटायचे. गाडी मागून झटका द्यायची. तो झटका मित्राला आजवर "गाडीचा स्वभाव" वाटत होता.

ब्रेकमध्ये नवे शू, नवे सिलिंडर, नवी होजपाइप आणि नवं ब्रेक ऑइल. ड्रम तेच, घासून गोल केलेले.

डिस्क बसवणं चूक असतं, असं मी म्हणत नाही. ती नीट करता येते. पण मग फक्त डिस्क बसवून भागत नाही. ड्रमची फुकटची ओढ गेली की तेवढ्याच पकडीसाठी कॅलिपरचे पिस्टन मोठे लागतात. पिस्टन मोठे म्हणजे त्यांत जास्त द्रव ढकलायला हवा, पेडल लांब जातं, मग मास्टर सिलिंडर बदलायला हवा, तो बदलला की पुढच्या ब्रेकचा दाब बदलतो. पुढे-मागे वाटणी पुन्हा मांडायला हवी आणि ती रिकाम्या रस्त्यावर, कोरड्यात आणि ओल्यात, तपासायला हवी. शर्यतीत गाडी पळवणारे हे सगळं करतात, कारण त्यांचे ड्रम खरोखर तापतात. रविवारी दुपारी पंधरा मैलांवरच्या पबला जाऊन येणाऱ्या गाडीचे मागचे ड्रम कोमटसुद्धा होत नाहीत.

परत

गंमत म्हणजे ड्रम संपलेला नाही. फोक्सवॅगनने 2019 मध्ये दाखवलेल्या आयडी थ्री या इलेक्ट्रिक कारला मागे ड्रम दिले. इलेक्ट्रिक गाडी बहुतेक वेळा मोटरनेच मंदावते आणि बॅटरी भरते. मागचे ब्रेक क्वचितच वापरले जातात. न वापरलेली उघडी डिस्क गंजते, बंद ड्रम तितका गंजत नाही आणि आपली धूळही आत ठेवतो. 1902 मध्ये रेनोचा डबा ज्या कारणाने जिंकला होता, जवळपास त्याच कारणाने तो परत आला.

माझ्या परतीच्या आधीच्या रविवारी आम्ही गाडी बाहेर काढली. छप्पर उघडं, बाहेर सात डिग्री, मी दोन जॅकेट घालून. कॅनलीच्या रस्त्याने गेलो. जिथे ही गाडी बनली त्या कारखान्यात मोटारी बनणं 1980 मध्येच थांबलं. वळणावर मित्राने पाय उचलला, आम्ही दोघांनी सवयीने झटक्याची वाट पाहिली, तो आला नाही. बाहेरून बघणाऱ्याला गाडीत काहीच बदललेलं दिसलं नसतं. चाकांच्या आरपार चमकणारी डिस्क नाही, लाल रंगाचा कॅलिपर नाही. खर्च केलेलं सगळं आत, जिथे कुणी बघत नाही.

पुण्याला परतल्यावर त्या जुन्या मित्राला भेटलो. बाइक तीच, सिंगल डिस्कवाली, सत्तर हजार किलोमीटर झालेली. म्हणाला, "मागे डिस्क मारून घेऊ का रे? एक जण करून देतोय. तू तर इंग्लंडमध्ये हेच शिकून आलास म्हणे."

मी खाली बसलो. बाइक मधल्या स्टँडवर होती. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून बाजूला हलवून पाहिलं. कट्, असा बारीक आवाज आला. पुन्हा हलवलं, पुन्हा आला.

"मागचं बेअरिंग शेवटचं कधी बदललंस?" मी विचारलं.

त्याने वडिलांकडे पाहिलं. काका पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "कधीच नाही."